गोदामातला दुसरा उंदीर

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. पिंजरा नव्हे. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर जिवंत राहतो, माझ्यात सापडलेला राहत नाही. वीतभर आंब्याची फळी, तिच्यावर पोलादी कमान, कमानीला पीळदार स्प्रिंग आणि मधोमध पितळेचा खटका, एवढेच माझे शरीर. खटक्यावरच्या खोबऱ्याला उंदराने तोंड लावले की कमान उलटते आणि त्याची मान मोडते. माझ्या पाठीवर तांबड्या रंगात ४१ हा आकडा आहे. माझ्या फळीवर डागही पुष्कळ आहेत. ते सगळे उंदरांचे नाहीत.

त्या गुरुवारी सकाळी मी बंगळूरमधल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर, माझ्या अकरा भावांबरोबर रांगेत पडलो होतो. आमचे मालक उपेंद्र खांबेटे एकेकाची स्प्रिंग ओढून पाहत होते. त्यांचे वय एकसष्ट. घरात वावरणारा लहान उंदीर मूळचा कुठला, तो कोणत्या वाटेने कुठे पसरला आणि हे त्याच्या रक्तातून कसे ओळखायचे, या अभ्यासात त्यांची तीस वर्षे गेली होती. ते निवृत्त झाले होते, तरी बोम्मसंद्र्याच्या पुढे असलेल्या त्यांच्या संशोधन संस्थेने त्यांची खोली काढून घेतली नव्हती.

"ती ताटं ठेवायची जागा आहे," त्यांच्या पत्नी प्रतिमाताई म्हणाल्या.

"उकळून आणलेत गं. तुझ्या चमच्यांपेक्षा स्वच्छ आहेत."

"माझ्या चमच्यांनी अजून कुणाचे मुडदे पाडले नाहीत."

त्यांची मुलगी केतकी समोर बसून उप्पीट खात होती. ती तीस वर्षांची, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नोकरीला. आईवडिलांच्या अशा बोलण्याला ती एरवी खुदकन हसायची. त्या दिवशी हसली नाही.

तेवढ्यात गुंडू आला. गुंडू निपाणीकडचा, पन्नाशीचा. सापळे मांडणे, उचलणे आणि धुणे यांत त्याचीही वीस-बावीस वर्षे गेली होती. त्याने आम्हाला मोजून पिशवीत भरायला सुरुवात केली आणि मान हलवली.

"सर, त्याच गोदामात परत? नेम मोडूलालाय बघा. एका गोदामातनं एकच उंदीर, तुम्हीच शिकवलंय की वो."

"नियम नमुन्यांसाठी, गुंडू. हा पुरावा आहे. दुसरा उंदीर मिळाल्याशिवाय पहिल्याला कुणी खरं मानणार नाही."

मग ते केतकीकडे वळले. आदल्या रात्री सांगितलेलेच त्यांना पुन्हा सांगायचे होते, इतका त्यांना आनंद झाला होता. यशवंतपूरच्या धान्यबाजारातल्या एका गोदामात सापडलेला उंदीर भारतातल्या घरउंदरांच्या कुळातला निघालाच नव्हता. तो युरोपातल्या कुळाचा होता.

"संस्थेतली श्वेता म्हणते, सर, आपल्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचा अंश परीक्षानळीत गेला असेल. तेही युरोपातल्याच कुळाचे ना! शंका बरोबर आहे तिची. म्हणून तर दुसरा पकडायचा. आणि पांढरा उंदीर स्वतःच तिथे गेला म्हणावं, तर बोम्मसंद्र्याहून यशवंतपूर तीस किलोमीटर. तो काय बस पकडून गेला?"

गुंडू हसला. प्रतिमाताईही हसल्या. केतकीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"केतू, तू लहानपणी यायचीस त्या गोदामात माझ्याबरोबर. गंगव्वा गूळ द्यायची तुला. आठवतं?"

"नाही."

"अगं, झाडणारी गंगव्वा..."

"नाही आठवत, बाबा."

ती उठली, हात धुतले, चपला घातल्या आणि दारातून परत फिरली. "उद्या नका जाऊ. शनिवारी जाऊ या, मीपण येते."

"का गं?"

"मला थोडं बोलायचं होतं."

"मग बोल की."

खालून कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. "संध्याकाळी बोलू," ती म्हणाली.

संध्याकाळी ती रिंग रोडच्या वाहनांच्या गर्दीत अडीच तास अडकून घरी आली. सगळे जेवले. तिने वडिलांना लोणचे वाढले. मग ती आपल्या खोलीत निघून गेली. मी दाराशी पिशवीत होतो. मला सगळे ऐकू येत होते.

आता माझा जन्म सांगतो. बोम्मसंद्र्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही साठ जण एकदम तयार झालो. बाजारातल्या सापळ्यांची कमान इतक्या जोरात बसते की उंदराची कवटीच फुटते, आणि कवटी फुटली की तिचे माप घेता येत नाही. म्हणून उपेंद्ररावांनी आमचा नमुना स्वतः काढून दिला होता. मान मोडली पाहिजे, कवटी नाही. कारागिराने माझी स्प्रिंग चढवून पहिल्यांदा पेन्सिल लावून पाहिली. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले. "सरी," म्हणजे ठीक आहे, असे तो कानडीत म्हणाला आणि मला खोक्यात टाकले. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

मग कामाची वर्षे आली. भाजलेले खोबरे आणि शेंगदाण्याचा कूट खटक्यावर चिकटवायचा आणि मला भिंतीला लागून ठेवायचे, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. पहिला उंदीर मला नीट आठवतो. आधी त्याच्या मिशा माझ्या फळीला लागल्या. मग मी उडालो. त्याचे मागचे पाय थोडा वेळ चालत राहिले, कुठेही न जाता. सकाळी उपेंद्ररावांनी त्याला सोडवले, तोलले, मापले, पोट फाडून यकृताचा तुकडा अल्कोहोलच्या नळीत घातला आणि नळीवर चिठ्ठी बांधली. तारीख, जागा, नर की मादी. चिठ्ठी नसलेला उंदीर ते फेकून देत. "कुठून आला ते माहीत नसेल, तर त्याला मारलं कशाला?" असे ते म्हणत.

एका घरातून किंवा एका गोदामातून एकच उंदीर घ्यायचा त्यांचा नियम होता. एका जागचे उंदीर बहुधा एकमेकांचे सख्खे-चुलत असतात. दहा पकडले तरी माहिती एकाचीच मिळते. त्यामुळे मी फार फिरलो. हुबळी, निपाणी, होसूर, किती घरांच्या शेगड्यांमागे आणि किती दुकानांच्या फळ्यांखाली मी बसलो. चुकून चिचुंद्री सापडली की तिची दुर्गंधी आठवडाभर जात नसे. एकदा एका घुशीची मान न सापडता पाय सापडला. ती मला घेऊन गटारातून फरफटत गेली. गुंडूने तिला विटेने ठेचले आणि मला काढले. "मेलीस का नाहीस गं लवकर," असे तो तिला परत परत म्हणत होता.

तुम्हाला हे क्रूर वाटेल. मलाही माझे समर्थन करायचे नाही. पण माझ्या मालकांनी मारलेल्या उंदरांवरून एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली आणि हा एवढासा प्राणी त्याच्यामागे निघाला. तो गाड्यांतून, गलबतांतून, पोत्यांतून गेला. माणसे कुठून कुठे गेली हे त्यांनी लिहून ठेवले नाही, तरी ते उंदरांच्या पेशींत उरले. पेशीतला एक लहानसा भाग फक्त आईकडून येतो. आईकडून मुलीला, मुलीकडून तिच्या मुलीला, असा तो न बदलता चालत राहतो. तोच धागा धरून उपेंद्रराव मागे मागे जात.

आता केतकीची गोष्ट. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शाळेला सुट्टी असली की उपेंद्रराव तिला संस्थेत घेऊन येत. आम्हा सापळ्यांना टांगायच्या खुंट्या पांढऱ्या उंदरांच्या खोलीत होत्या. एका शनिवारी तिथला एक प्रयोग संपला होता आणि उरलेले सव्वाशे उंदीर संपवायचे होते. माणूस कमी होता, म्हणून उपेंद्रराव स्वतः बसले. मुलीला त्यांनी शेजारच्या खोलीत चित्रे काढत बसवले होते. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली, हे त्यांना कळले नाही.

ते एकेक उंदीर शेपटीने उचलत. टेबलावर ठेवत. मानेवर लोखंडी काडी दाबत आणि शेपटीला एक हिसका देत. बारीकसा आवाज होई. मग तो बादलीत. पुन्हा पुढचा. त्यांचा हात अतिशय सफाईने चाले, कारण सावकाश केले तर उंदराला जास्त दुखते. हे त्या मुलीला कोण सांगणार? तिने पाहिले ते एवढेच, की रात्री तिच्या केसांतून फिरणारा हात पुन्हा पुन्हा हिसका देतो आहे. बादलीतल्या ढिगात काहींचे पाय अजून हलत होते.

शेवटचा पिंजरा उरला तेव्हा उपेंद्रराव हात धुवायला गेले. केतकीने शेवटच्या पिंजऱ्यातली एक फुगीर पोटाची मादी उचलली आणि आपल्या खाऊच्या डब्यात घातली. परत आल्यावर त्यांनी उरलेले उंदीर संपवले, पण मोजले नाहीत. नोंदवहीत 'सर्व' असा एकच शब्द लिहिला. एरवी शेपटी न् शेपटी मोजणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना ते काम लवकर संपवायचे होते.

तिथून आम्ही बसने यशवंतपूरला गेलो. उपेंद्रराव, गुंडू, ती मुलगी, तिच्या मांडीवर डबा आणि पिशवीत आम्ही. डब्यातून खुडबुड ऐकू येत होती. मुलगी मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. वडील कौतुकाने तिच्याकडे पाहत होते.

गोदामात मला तांदळाच्या थप्पीमागे मांडले. थप्पी म्हणजे एकावर एक रचलेली पोती, पार छतापर्यंत. वडील आणि गुंडू पलीकडे गेल्यावर केतकी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि डबा उघडला. "इथे खूप तांदूळ आहे," ती म्हणाली. "इथे तुला कोणी मारणार नाही."

मादी बाहेर आली, थबकली आणि सरळ माझ्याकडे वळली. खोबऱ्याचा वास तिला आला होता. ती नाक पुढे करणार, तोच केतकीने आपली लाकडी पट्टी माझ्यात घातली. मी उडालो. पट्टी मोडली. मादी पोत्यांखाली नाहीशी झाली. "पोरी, काय वाजलं गं?" म्हणत गंगव्वा झाडू घेऊन आली. गंगव्वा तिथे सांडलेले धान्य झाडायची आणि झाडता झाडता एका फटक्यात उंदीर मारायची. केतकी म्हणाली, "काही नाही, पट्टी मोडली." गंगव्वाने तिला गूळ दिला.

गोदामातल्या उंदरांशी संकर होऊन पांढरा रंग पुढच्या काही पिढ्यांतच पुसला गेला. आईकडून येणारा तो धागा मात्र पुसला गेला नाही. एकोणीस वर्षे तो त्या पोत्यांखाली आईकडून मुलीकडे जात राहिला आणि या वर्षी एका तपकिरी उंदराच्या यकृतातून उपेंद्ररावांच्या हाती आला. ब्रिटिशांच्या छावणीसाठी आलेल्या गव्हाबरोबर हा उंदीर आला असावा, असा त्यांनी अंदाज बांधला. किती सुंदर अंदाज होता तो! बुधवारी रात्री तो त्यांनी घरी सांगितला आणि केतकीला त्याच क्षणी सगळे कळले.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही त्या गोदामात पोचलो. गुंडूने दाराशी चार सापळे मांडले. उपेंद्रराव मला घेऊन मागे, त्याच कोपऱ्याकडे निघाले. गंगव्वा आता म्हातारी झाली होती, पण कामावर होती.

"सायबा, स्वल्प थांबा. हमालांना येऊ द्या. ती थप्पी हालूलाल्या. खालची पोती उंदरांनी फोडल्यात."

"फोडलीत ना? मग तिथेच असणार तो," ते म्हणाले आणि थप्पी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आडवे होऊन शिरले.

त्यांनी माझी कमान ओढली. खटका लावला. मला उजव्या हातात धरून ते खाली वाकले. तेव्हा मला तांदळाचा आवाज आला. खालच्या पोत्याच्या भोकातून तो बारीक धारेने वाहत होता. मग धार जाड झाली. ते पोते बसले, वरचे झुकले आणि एकदम सगळी भिंतच आमच्यावर आली.

पन्नास-पन्नास किलोची पोती एकामागून एक. पहिले त्यांच्या खांद्यावर पडले आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज मला ओळखीचा होता. दुसऱ्याने त्यांना भिंतीवर चेचले. तिसरे छातीवर आले. त्या धक्क्याने मी उडालो आणि माझी कमान त्यांच्या दोन बोटांवर बसली. नख फुटले. रक्त माझ्या फळीत मुरले. त्यांनी हात झटकायचा प्रयत्न केला, पण झटकायला जागा नव्हती. त्यांचा श्वास तोंडातल्या तांदळासकट आत-बाहेर होत होता. मी त्यांना सोडले नाही. मला सोडता येत नाही, मित्रांनो. कारागिराने मला फक्त धरायला शिकवले आहे.

बाहेर गंगव्वा छाती पिटून ओरडत होती. गुंडू नखांनी पोती ओढत होता. हमाल धावत आले. आम्हाला बाहेर काढेपर्यंत वीस मिनिटे गेली. त्यांतली बारा मिनिटे त्यांची बोटे माझ्या कमानीखाली हलत होती. नंतर हलली नाहीत.

गुंडूने मला सोडवले तेव्हा तो त्यांच्या हाताशी बोलत होता. "सर, नेम होता की वो. एकच उंदीर. नेम होता की."

मला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले गेले. पोलिसांनी पाहिले, लिहून घेतले आणि परत दिले. त्या धांदलीत दाराजवळचे चार सापळे सगळे विसरले. तिसऱ्या दिवशी गुंडू ते आणायला गेला. माझ्या सतरा नंबरच्या भावात एक तपकिरी मादी मरून पडली होती. गुंडूने तिच्यावर चिठ्ठी बांधली आणि श्वेताकडे नेऊन दिली.

चौदाव्या दिवशी दुपारी श्वेता घरी आली. ती उपेंद्ररावांची विद्यार्थिनी, आता त्याच संस्थेत संशोधक. बरोबर गुंडू होता. मी पुस्तकांच्या कपाटात, त्यांच्या चष्म्याशेजारी होतो. प्रतिमाताईंनी मला धुऊ दिले नव्हते. माझी स्प्रिंग गंजायला लागली होती.

माझ्या जातीच्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी तेल मागतात, कोरडी जागा मागतात. मी ते मागत नाही. मागायचेच तर एवढे मागतो, की मांडलेला सापळा कुठे आहे हे ज्याला माहीत आहे, त्याने ते दुसरा माणूस तिकडे जाण्याआधी सांगावे. संध्याकाळची वाट पाहू नये. लहान मुलांनी तर मुळीच नाही. लहानपणी न सांगितलेली गोष्ट आपोआप विरून जात नाही. ती पिल्ले घालते.

श्वेताने पिशवीतून कागद काढले. "काकू, दुसऱ्या उंदराचा निकाल आला. तोच निघाला. अगदी तोच. सर म्हणत होते ते बरोबर होतं. मी शंका घेतली होती, मला..." तिने डोळे पुसले. "लेख पूर्ण झालाय. उद्या पाठवतोय. पहिलं नाव सरांचं. फक्त एक फोटो हवा होता."

प्रतिमाताईंनी कागद हातात घेतले. त्यांना त्यातले शास्त्र काही कळत नव्हते, तरी त्यांनी पहिल्या पानावरच्या नावावरून अंगठा फिरवला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

"म्हणजे फुकट नाही गेले," त्या म्हणाल्या. "मी रोज रात्री तेच म्हणत होते, एका उंदरापायी गेला माणूस. पण नाही. खरं ठरवून गेले. केतू, तो खादीच्या झब्ब्यातला फोटो दे गं."

केतकी जागची हलली नाही.

"अगं दे ना. कपाटातच आहे."

केतकी कपाटापाशी आली. तिने फोटो घेतला आणि तो उपडा करून छातीशी धरला. तिचा श्वास मला जवळून ऐकू येत होता. आईच्या तोंडावर आलेले ते एवढेसे समाधान तिला दिसत होते. ते तसेच ठेवायला तिला काहीच करावे लागणार नव्हते. फोटो दिला की झाले असते. पण त्या कागदावर वडिलांचे नाव होते. कुठून आला ते माहीत नसेल तर मारले कशाला, असे विचारणाऱ्या माणसाचे नाव.

"श्वेता, हा लेख पाठवू नकोस," ती म्हणाली.

"काय झालं ताई? काही चुकलंय का?"

केतकी श्वेताशी बोलत होती, पण पाहत होती आईकडे.

"अकरा वर्षांची असताना मी संस्थेतून एक पांढरी मादी चोरली आणि त्या गोदामात सोडली. तुमचे दोन्ही उंदीर तिच्या वंशातले आहेत. युरोपातून तिथे कुणीही आलेलं नाही." तिने फोटो कपाटात परत ठेवला. "आई, मला गुरुवारी सकाळी हे माहीत होतं. मी टेबलावर बसून उप्पीट खात होते आणि मला माहीत होतं. बाबांना मी सांगितलं असतं, तर ते शुक्रवारी गेले नसते."